नकारातली माणसं

प्रतिमा-हक्क कायदा वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं फार घाणेरडी गेली होती. कुणाचाही चेहरा उचलून कुठल्याही अंगावर चिकटवावा आणि गावभर फिरवावा, असा धंदा सुरू होता. सालईखेड्यातल्याच दोन मुलींनी त्यापायी शाळा सोडली होती. म्हणून कायदा आला तेव्हा प्रणिता घोडमारेनं आपल्या स्टुडिओसमोर उभं राहून पेढे वाटले. शिवाय तिचा स्टुडिओ बुडायला आलेला होता आणि सरकारनं गावोगावच्या स्टुडिओंनाच नोंदणी केंद्र केलं होतं.

नोंदणीचं काम समजायला सोपं होतं. माणूस खुर्चीवर बसायचा, मग चार पावलं चालून दाखवायचा. मशीन त्याच्या चेहऱ्याची, खांद्यांची, चालण्याच्या ढबीची मापं घेऊन त्यांची मिळून एक लांबलचक संख्या बनवायचं. पडद्यावर दोन बटणं यायची, होकार आणि नकार. नकार दाबला की ती संख्या देशातल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या चिपमध्ये जाऊन बसायची. मोबाइल असो, रस्त्यावरचा खांब असो, कारखान्यातला सीसीटीव्ही असो. मग तो माणूस भिंगासमोर आला की चित्र बनायच्या आधीच चिप त्याला ओळखायची, कापून काढायची आणि त्याच्या जागी मागची भिंत किंवा फरशी भरून टाकायची. सावली जायची, हातातली बादलीही जायची. ठिगळ दिसायचं नाही. तिथं कुणी नव्हतंच, असा फोटो निघायचा.

गावात अशांना 'नकारातली माणसं' म्हणायला लागले. आधी त्यात कलेक्टरची बायको होती, एक नटी होती, बँकेचे दोन साहेब होते. मग प्रणिताचा मोठा भाऊ शेखर ट्रक भरभरून माणसं आणायला लागला.

शेखर मजुरांचा ठेकेदार होता. गावाबाहेर 'पुनर्जा सेल्स' नावाची कंपनी आली होती. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतली धातूची भुकटी काढून परत विकायची, असा तिचा उद्योग. माणसं यायची यवतमाळच्या जंगलपट्ट्यातून, बहुतेक गोंड बाया. कामावर घ्यायच्या आधी प्रत्येकीला प्रणिताच्या खुर्चीवर बसवलं जायचं.

"यांना कशाला लागते रे दादा नकार?" तिनं एकदा विचारलं.

"कंपनीची अट आहे. त्यांच्याच भल्याचं आहे. उद्या कोणी यांचे फोटो वापरले तर?"

तिला ते पटलं, किंवा पटवून घेणं सोयीचं वाटलं. त्या वर्षी तिनं दोनशे बारा बायांसाठी ते बटण स्वतःच्या बोटानं दाबलं.

खरा प्रकार कळला तो डिसेंबरात. कंपनीला माहितीपुस्तिकेसाठी फोटो हवे होते. प्रणिता कॅमेरा घेऊन शेड क्रमांक दोनमध्ये गेली आणि दारातच तिचा घसा खवखवायला लागला. चाळीस बाया जमिनीवर बसून छिन्नी-हातोडीनं बॅटऱ्या फोडत होत्या. तोंडाला पदर. हातमोजे होते, पण त्यांची बोटं गळून गेलेली. तिनं दहा-बारा फोटो काढले आणि पडद्यावर पाहिलं.

लख्ख, रिकामी शेड. ओळीत ठेवलेल्या बॅटऱ्या आणि मागे चकाचक यंत्रं.

"एकदम मस्त," मॅनेजर तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "परदेशातले तपासनीस आता कॅमेऱ्यातूनच पाहतात. पूर्ण स्वयंचलित प्लांट. माणसाचा हात नाही लागत."

तो गेल्यावर एक बाई उठून आली. तिशीतली, उंच, डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेलेली. तिचं नाव जैतूबाई टेकाम. नोंदणीच्या वेळी मशीनला तिची चाल नीट मोजता येईना म्हणून तिला तीनदा चालवलं होतं, ते प्रणिताला आठवलं.

"बाई, माहा फोटो काढला न तुनं? दाखव. पोरीले धाडतो गावाकडं."

तिनं कॅमेरा पुढं केला. जैतूबाईनं पडदा जवळ घेतला, लांब धरला.

"मी कुठी हावो यात?"

"तुम्ही नकारात आहात, बाई."

"म्हंजे?"

"म्हणजे कॅमेऱ्याला तुम्ही दिसत नाही."

जैतूबाईनं कॅमेरा परत दिला. मग म्हणाली, "तुले त दिसून राह्यली न?" आणि जाऊन परत हातोडी घेऊन बसली.

प्रणिता घरी आली ती धुमसतच. तिनं शेखरला गाठलं. तो जेवत होता. "तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"बायांची बोटं झडून राहिली आहेत आणि फोटोत कुत्रं दिसत नाही. मी केलं ते. माझ्या हातानं करवून घेतलं तू."

"तर मग त्यांना उपाशी मारू का गावात?" शेखरनं ताट सरकवलं. "तुझा स्टुडिओ कशावर चालते ते पाह्य आधी. लई आली कैवारी."

कायदा उलटवता येत नव्हता. नकार मागे घ्यायचा तर त्या माणसानं जिल्ह्याच्या कचेरीत जायचं, आणि बाया प्लांटच्या फाटकाबाहेर एकट्या पडूच शकत नव्हत्या. चिप नसलेला कॅमेरा बाळगणं हा गुन्हा होता. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यांनाही परवाना लागत होता. पण कॅमेराच नसला तर?

प्रणिता नागपूरच्या कलाशाळेत शिकली होती. तिथं पहिल्या वर्षाला एक जुनी छपाई शिकवली जायची. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवायचे, अंधाऱ्या खोलीत कापडाला फासायचे, वाळवायचे. अशा कापडावर ऊन पडलं की क्षारांचा गडद निळा रंग बनतो आणि तो पाण्यानं जात नाही. जिथं ऊन पोचत नाही तिथले क्षार मात्र धुवून निघतात आणि कापड पांढरं राहतं. पूर्वी इमारतींचे निळे नकाशे असेच छापत. भिंग नको, चिप नको. कापडावर माणूस झोपला तर त्याच्या आकाराएवढी जागा पांढरी राहणार. विदर्भाचं ऊन, बारा मिनिटं पुरे.

तिनं चादरी रंगवल्या, काळ्या प्लास्टिकात गुंडाळल्या आणि दुपारच्या सुटीत प्लांटच्या आवारात गेली. फाटकावरच्या गार्डला सांगितलं, गणवेशाची मापं घ्यायची आहेत. ठेकेदाराची बहीण म्हटल्यावर त्यानं वर बघितलंही नाही.

बायांना तिनं खरं ते सांगितलं. "हे मी गावात लावणार. पकडलं तर मला शिक्षा होईल, तुमचं काम जाईल. ज्यांना नको त्यांनी नको म्हणा."

बऱ्याच जणी नको म्हणाल्या. अकरा जणी हो म्हणाल्या. तीन महिन्यांत, एक-एक करून, त्यांच्या चादरी झाल्या. कुणी कुशीवर झोपली, कुणी हातोडी छातीशी धरली. सहा महिन्यांची पोटुशी एक होती, तिनं बाजूनं अंग टाकलं.

जैतूबाईचं शेवटी ठरलं. मार्चची अकरा तारीख, दुपारचे साडेबारा.

"मेल्यावानी नाही झोपत मी," तिनं आधीच बजावलं. उताणी पडून तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बोटं फाकवली. जी होती ती. ऊन डोळ्यांवर येत होतं तरी बारा मिनिटं ती हलली नाही. उठल्यावर कापडाकडे बघून म्हणाली, "काहीच त नाही दिसत."

"धुतल्यावर दिसेल. उद्या आणून दाखवते."

त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी शेड क्रमांक दोनमध्ये एका फोडलेल्या बॅटरीनं पेट घेतला. अशा आगीवर पाणी टाकलं की ती जास्त भडकते, हे बायांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी पाणी टाकलं. प्रणिता तेव्हा हौदात चादर खळबळत होती. पिवळं पाणी निघून जात होतं आणि निळ्यातून दोन पांढरे हात वर येत होते. खिडकीतून धूर दिसला तेव्हा ती ओल्या हातांनी धावत सुटली. फाटकाला आतून कुलूप होतं.

तासाभरात कंपनीचं निवेदन आलं. स्वयंचलित विभागात किरकोळ आग, जीवितहानी नाही. सोबत सीसीटीव्हीचं चित्रणही दिलं. रिकाम्या शेडमध्ये ज्वाळा उठतात, खांब वाकतात, छत कोसळतं. गावानं ते मोबाइलवर दहादा पाहिलं. कुणी पळत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. चिपनं ओरडणारी तोंडं काढून टाकल्यावर आवाजही वजा केला होता.

तीन बाया मेल्या. त्यांत जैतूबाई होती. संध्याकाळी शेखरच्या ट्रकांनी उरलेल्यांना आपापल्या गावी नेऊन सोडलं. तिघींची प्रेतं दुसऱ्या जिल्ह्यातल्या रस्त्यावरच्या अपघाताचा कागद घेऊन घरी गेली.

आठवडी बाजाराच्या दिवशी प्रणितानं अकराही चादरी तहसील कचेरीच्या कुंपणाला बांधल्या. प्रत्येकीवर गडद निळ्यात माणसाएवढं पांढरं माणूस. खाली काळ्या रंगानं नाव आणि गाव.

लोक जमले. पहिला प्रश्न भाजीवाल्या कमलाबाईनं विचारला. "प्लांट बंद पाडतं का तू?"

"तीन बाया जळून मेल्या, कमलाबाई."

"आपल्या गावच्या व्हत्या का?"

कुणीतरी हसलं. एकानं पानाची पिचकारी पोटुशी बाईच्या चादरीवर मारली. दोन पोरं प्लांटच्या कँटीनमध्ये कामाला होती, त्यांनी कुंपणावरून तीन चादरी ओढून फाडल्या. प्रणिता मधे पडली तर तिला गटारात ढकललं. हवालदार समोर उभा राहून चहा पीत होता. पण गर्दीत मोबाइलही होते, आणि चिपला कापडावरचे पांढरे आकार माणसं म्हणून ओळखता येईनात. ना चेहरा, ना चाल. चादरींचे फोटो नागपुरात गेले, तिथून पुण्याला गेले, आणि चौथ्या दिवशी देशभर झाले.

कंपनीनं प्रतिमा-हक्क कायद्याखाली तिच्यावर खटला भरला. नकारातल्या व्यक्तींची परवानगीशिवाय प्रतिमा बनवणं, दोन वर्षांपर्यंत कैद. स्टुडिओला सील लागलं.

न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष बाविस्कर मॅडम कमी बोलायच्या. त्यांनी कागद चाळले आणि कंपनीच्या वकिलांना, देवपुजारींना, विचारलं, "प्रतिमा कुणाच्या?"

"मजुरांच्या."

"कुठल्या मजुरांच्या? कायद्यात ज्याची प्रतिमा त्याचीच तक्रार लागते. तो हयात नसेल तर वारसाची. कंपनीला तक्रार करायची असेल तर ही माणसं कंपनीची होती, असं लिहून द्या. देता?"

देवपुजारींनी मॅनेजरकडे पाहिलं. पाच मिनिटांत तक्रार मागे घेतली गेली.

बाहेर शेखर उभा होता. तिच्याशी दोन महिने न बोललेला भाऊ गळ्यात पडायला आला. "सुटली रे देवा! चाल, घरी चाल. आई वाट पाहून राहिली."

सुटली ती एकटी. खटलाच नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर बाया नाहीत. दुसऱ्या दिवशी कंपनीनं मोठ्या मनानं पत्रक काढलं, 'एका कलावतीच्या कल्पनाशक्तीचा आम्ही आदर करतो.' पुण्याच्या एका कलादालनानं उरलेल्या आठ चादरी प्रदर्शनासाठी मागितल्या. त्यांच्या पत्रातही तोच शब्द होता, कल्पना. तिनं पत्र फाडलं आणि यवतमाळची बस पकडली.

मारेगुड्यात जैतूबाईच्या नवऱ्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. सोनेराव टेकाम आगीपर्यंत प्लांटमध्येच बॅटऱ्या उतरवायच्या कामावर होता. तो दारात कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता. तिला पाहताच उठला.

"तूच न ते? मशीनवाली?"

"हो."

"तुह्याच बोटानं पुसलं न आमाले? आता काहून आली? अजून काही पुसाचं राह्यलं?"

तिनं सोबत आणलेली चादर पुढं केली. त्यानं ती उलगडली नाही, हातातून घेऊन आत फेकली. त्यानं पोलिसात जाऊन पाहिलं होतं. तिथं त्याला मोबाइलवर रिकामी शेड दाखवली होती आणि अपघाताच्या कागदावर त्याचाच अंगठा दाखवला होता. बरोबरच्या बाया बारा गावी पांगल्या होत्या आणि ठेकेदाराची माणसं प्रत्येकीला भेटून गेली होती. कंपनीनं दिलेल्या वकिलानं, सारं त्या मशीनवालीनं केलं असं सांगून, त्याला घरी पाठवलं होतं.

प्रणिता अंगणातच बसली. "माझ्यावर तक्रार करा, सोनेरावदादा."

"काय?"

"तुमच्या बायकोचं चित्र मी तिच्या नकारावर पाय देऊन काढलं. अकरा मार्चला, साडेबारा वाजता, शेड दोनच्या आवारात, कामाच्या सुटीत. तिचे वारस तुम्ही आहात. तुम्ही तक्रार केली आणि मी गुन्हा कबूल केला, की पुरावा लागत नाही. ती तिथं होती हे न्यायाधिकरणाला लिहावंच लागेल. एकदा ते लिहिलं गेलं की आगीचा तपास कुणाला टाळता येणार नाही."

सोनेरावनं दांडा भिंतीला टेकवला.

"तुले शिक्षा होईन?"

"होईल."

"किती?"

"दोन वर्षांपर्यंत."

"जेलात?"

"जेलात."

"मंग करतो," सोनेराव म्हणाला. "तिच्यासाठी नाही. तुह्यासाठी करतो."

त्याच्या आवाजात दया नव्हती आणि ती मागायला प्रणिताही गेली नव्हती.

दुसऱ्या सुनावणीच्या सकाळी शेखरनं तिला न्यायाधिकरणाच्या पायऱ्यांवर अडवलं. रात्रभर झोपला नव्हता. "प्रणू, हात जोडतो. नाकबूल म्हण. फक्त नाकबूल. तू हो म्हटलं की ती बाई तिथं होती हे ठरलं. तिथं होती तर कोणी आणली? मी आणली. फाटक कोणी लावलं? माझ्या माणसानं लावलं. मला आत टाकशील तू? भाऊ आहे मी तुझा!"

"फाटक कोणी लावायला सांगितलं होतं?"

शेखरनं जोडलेले हात सोडले. मग त्याचा चेहरा पालटला. "घरात पाऊल ठेवू नको मग. आई मेली तरी येऊ नको."

"बरं," प्रणिता म्हणाली आणि आत गेली. आरोपीच्या जागी उभी राहिली.

सोनेरावनं चादर टेबलावर पसरली. आता पहिल्यांदाच त्यानं ती नीट पाहिली. डाव्या हाताच्या दोन तुटक्या बोटांवर त्यानं आपला पंजा ठेवला. "माही बायको," तो म्हणाला. "जैतूबाई. बोटं खाल्ली तिची कंपनीच्या त्या कामानं. या बाईनं तिले न विचारता छापली." शेवटचं खोटं होतं. प्रणितानं ते खोडलं नाही.

मग एक नवल घडलं. कंपनीचे देवपुजारी वकील आरोपीच्या बचावाला उभे राहिले. "मॅडम, या निष्पाप कलावतीवर अन्याय होतो आहे! हा गुन्हाच घडलेला नाही. हे कुठल्याही खऱ्या व्यक्तीचं चित्र नाही. माझी विनंती आहे, त्यांना निर्दोष सोडावं."

"तुम्ही त्यांचे वकील आहात?"

"नाही, पण कंपनीला कलेबद्दल आस्था..."

"खाली बसा." बाविस्कर मॅडम प्रणिताकडे वळल्या. "आरोप समजला? तुम्ही नाकबूल म्हणालात तर तक्रारदाराला सगळं सिद्ध करावं लागेल, आणि ते त्याला जमेल असं दिसत नाही. कबूल म्हणालात तर मला शिक्षा द्यावीच लागेल. घाई करू नका."

मागच्या बाकावर शेखर अर्धवट उठला होता. प्रणितानं तिकडे पाहिलं नाही.

"गुन्हा कबूल आहे," ती म्हणाली. "तारीख, वेळ आणि जागा तक्रारीत लिहिली आहे तीच. आवारात तेव्हा आणखी एकोणचाळीस बाया जेवत होत्या. मला आठवतात तेवढ्यांची नावं मी लिहून आणली आहेत. प्रत्येकीची नोंदणी मीच केली होती."

देवपुजारी हरकत घेत राहिले. लेखनिकानं ती यादी घेतली, शिक्का मारला. निकाल दुपारी आला. बाविस्कर मॅडमनी सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आरोपीच्या कबुलीवरून पुढील गोष्ट सिद्ध झाली आहे. मृत जैतूबाई सोनेराव टेकाम, वय एकतीस, राहणार मारेगुडा, ही अकरा मार्च रोजी दुपारी साडेबारा वाजता पुनर्जा सेल्स कंपनीच्या शेड क्रमांक दोनच्या आवारात कामावर हजर होती. त्याच दिवशी त्या शेडमध्ये लागलेल्या आगीशी आणि तिच्या मृत्यूशी या गोष्टीचा संबंध तपासण्यासाठी ही नोंद आणि आरोपीने दिलेली यादी जिल्हा पोलीस प्रमुख आणि कामगार आयुक्तांकडे पाठवण्यात यावी."

सोनेरावनं हात वर केला. "परत वाचा, मॅडम."

अशी रीत नव्हती. बाविस्कर मॅडमनी चष्मा सारखा केला आणि नावापासून परत वाचलं. सोनेराव ओठ हलवत ऐकत राहिला. वाचून झालं तेव्हा त्यानं चादरीची घडी घालून ती काखेत धरली आणि प्रणिताकडे बघत म्हणाला,

"आता हिची शिक्षा वाचा."

मॅडमनी पान उलटलं.